जुनी बोट घेतली, पण ती नावावर कशी होणार?

मासेमारी बंदीचे दोन महिने सुरू झाले की कोकण किनाऱ्यावर जुन्या बोटींचे सौदे रंगू लागतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. बोट खालून-वरून नीट बघायची, इंजिन तपासायचे तर हाच निवांत काळ. कुणाला नवी बोट बांधायची म्हणून जुनी काढायची असते, कुणाला कर्ज फेडायचे असते, तर कुणाच्या घरात समुद्रावर जाणारा माणूसच उरलेला नसतो. घेणाराही बहुधा ओळखीतलाच असतो. शेजारच्या बंदराचा तांडेल किंवा इतकी वर्षे दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून राबलेला आणि आता स्वतःची बोट करू पाहणारा तरुण. इसार दिला जातो, चार माणसांसमोर किंमत ठरते, बोट ताब्यात येते. कागदांचा विषय निघाला की ठरलेले उत्तर येते, ‘कागद काय पळून जातायत? बघू नंतर.’

हे ‘नंतर’ हंगामाच्या तोंडावर उभे राहते. परवान्यासाठी कार्यालयात गेल्यावर कळते की, नोंदणी प्रमाणपत्रावर विक्रेत्याचे नावच नाही. तिथे तिसऱ्याच माणसाचे नाव आहे आणि तो केव्हाच वारला आहे. बोटीत साठवलेली पुंजी अडकली, सोने गहाण ठेवून काढलेले पैसे अडकले आणि बोट मात्र किनाऱ्यावरच. अशा वेळी मार्ग कोणता, हे समजून घेऊ.

बोट ताब्यात आहे, पैसे दिले आहेत; मग मालकी नाही का?

बोट ही जंगम मालमत्ता आहे. तिच्या विक्रीला सामान्यपणे मालविक्री अधिनियम, १९३० लागू होतो. या कायद्याच्या कलम २७ मधील तत्त्व सोपे आहे. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्याहून जास्त हक्क तो घेणाऱ्याला देऊ शकत नाही. विक्रेता खरा मालक नसेल, तर तुम्ही पूर्ण किंमत मोजूनही खरे मालक होत नाही. कायद्यात याला काही अपवाद आहेत. पण ते सिद्ध करण्याची वेळ न आलेली बरी.

ताब्याला पुरावा म्हणून महत्त्व आहे, मात्र तो पुरावा खोडता येतो. उद्या मूळ मालकाचा मुलगा येऊन ‘ही बोट आमच्या वडिलांची, आम्ही विकलेलीच नाही’ म्हणाला, तर नुसता ताबा पुरेसा ठरत नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. खरेदी हा तुमच्यात आणि विक्रेत्यात झालेला व्यवहार आहे. नोंदणी ही त्या बोटीची सरकारदरबारी असलेली ओळख आहे. दोन्हींवर तुमचे नाव आल्याशिवाय बोट खऱ्या अर्थाने तुमची झाली असे कुणी मानत नाही.

बोटीचे कागद म्हणजे नेमके कोणते?

किनाऱ्यावर ‘कागद’ हा एकच शब्द चालतो. पण त्यात वेगवेगळे दस्त असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

• नोंदणी प्रमाणपत्र: बोटीचा नंबर, मालकाचे नाव, लांबी-रुंदी आणि इंजिनाचा तपशील यात असतो.

• मासेमारी परवाना: राज्याच्या सागरी हद्दीत मासेमारी करण्याची परवानगी. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार तो मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना अधिकारी देतो.

• विक्रीपत्र: बोट कुणी, कुणाला, किती रकमेला विकली याचा लेखी पुरावा.

• इंजिनाचे बिल आणि बोट बांधणाऱ्याचा दाखला: बोट मुळात कुठून आली हे यावरून कळते.

• बोजा नसल्याचा दाखला: बोटीवर बँक, पतसंस्था किंवा मच्छिमार सोसायटीचे कर्ज शिल्लक नाही याचा पुरावा.

मासेमारी बोटींच्या नोंदणीसाठी मर्चंट शिपिंग अॅक्ट, १९५८ मध्ये १९८३ साली स्वतंत्र भाग जोडण्यात आला. या जुन्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला आहे. त्यामुळे कुणाकडून तरी मिळालेला जुना छापील अर्ज भरून नेऊ नका. सध्या चालू असलेला नमुना कार्यालयातूनच घ्या. किनारी राज्यांतील मासेमारी बोटींच्या नोंदणीसाठी केंद्राची ‘रिअलक्राफ्ट’ ही ऑनलाइन प्रणाली आहे.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे परवान्यावर नाव असणे म्हणजे मालकी नव्हे आणि बोट विकली म्हणून परवाना आपोआप नव्या मालकाचा होत नाही. बोट ‘पर्ससीन परवान्यासह’ विकायची आहे असे कुणी सांगितले, तर जास्तच सावध राहा. राज्यात २०१६ पासून पर्ससीन परवान्यांवर मर्यादा आहे. असा परवाना तुमच्या नावे होईल की नाही, याचे उत्तर विक्रेत्याकडून नव्हे, परवाना अधिकाऱ्याकडून घ्या.

कागद नावावर नसताना बोट समुद्रात नेली तर?

२००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी बोट ताब्यात घेऊन मुंबईजवळ आले होते. त्यानंतर समुद्रातील प्रत्येक बोट कुणाची आणि तिच्यावर कोण आहे, या प्रश्नाला वेगळे वजन आले. बोटींना एकसारख्या पद्धतीचे नंबर, मच्छिमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे, समुद्रातील तपासणी या गोष्टी त्यातून आल्या. तपासणीत बोटीवरचे नाव एक, कागदावरचे दुसरे आणि तांडेल तिसरा असेल, तर खुलासा करता करता फेरी वाया जाते. परवाना नसेल तर कारवाई वेगळीच.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. मच्छिमार सहकारी संस्थांच्या यांत्रिक बोटींना राज्यात डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो. त्यासाठी वैध नोंदणी आणि परवाना लागतो. वादळात बोट फुटली तर भरपाईसाठी पंचनामा होतो. पण मदतीचा अर्ज कुणाच्या नावाने करणार? विमा कंपनीही आधी मालकी विचारते.

जिवाचा प्रश्नही आहेच. देशभरातील १ लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या कार्यक्रमात झाला. संकटात सापडलेल्या बोटीचा संदेश या यंत्रातून किनाऱ्यावर पोहोचतो. बोटीची नोंद जुन्या मालकाच्या नावे राहिली, तर चौकशी आधी त्याच्याच दारात जाणार. त्या एका फोनमध्ये गेलेला वेळ समुद्रातल्या माणसांना महाग पडू शकतो.

विकणाऱ्यानेही हे लक्षात घ्यावे. बोट विकून पाच वर्षे झाली असली तरी ती नावावर असेल आणि तिच्यातून डिझेलची चोरटी वाहतूक झाली किंवा बंदीच्या काळात मासेमारी झाली, तर पहिली नोटीस नोंदीतल्या मालकालाच येते. म्हणजे नावावर करण्याची गरज दोघांचीही आहे.

बोट तर घेऊन झाली. आता सुरुवात कुठून?

एकच सूत्र ध्यानात ठेवा. आधी शेवटचे नोंदलेले नाव शोधा. तुम्हाला बोट कुणी विकली यापेक्षा सरकारी नोंदीत आज कुणाचे नाव आहे, हे महत्त्वाचे. पुढचा प्रत्येक मार्ग त्या नावापासून निघतो.

बोटीच्या नाळेवर दोन्ही बाजूंना नंबर रंगवलेला असतो. त्यात देशाची आणि राज्याची अक्षरे, त्यानंतर विभागाचा अंक, बोटीच्या प्रकाराची अक्षरे आणि शेवटी क्रमांक असतो. ‘एमएम’ म्हणजे यांत्रिक बोट, ‘एमओ’ म्हणजे मोटर बसवलेली होडी. हा नंबर, इंजिन क्रमांक आणि बोटीचे फोटो घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक परवाना अधिकाऱ्याकडे जा. नोंदीतील मालक, बोटीचे मोजमाप, इंजिन, परवान्याची मुदत आणि बोजा यांची माहिती लेखी अर्ज करून मागा. तोंडी चौकशीचा पुढे पुरावा राहत नाही. अर्जाची पोच घ्या.

मिळालेली माहिती प्रत्यक्ष बोटीशी ताडून पाहा. लांबी जुळते का? इंजिन तेच आहे का? इंजिन मधल्या काळात बदलले असेल, तर नव्या इंजिनाचे बिल शोधावे लागेल. मोजमापच जुळत नसेल, तर हा नंबर दुसऱ्याच बोटीचा असू शकतो. अशा वेळी पुढचे पैसे थांबवा. मोडीत काढलेल्या बोटीचा नंबर आपल्या बोटीवर रंगवून काम भागवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो साफ नाकारा. तो फौजदारी गुन्ह्याचा रस्ता आहे.

नोंदीतील मालक हयात असेल तर?

हे सर्वांत सोपे प्रकरण, मधे कितीही विक्रेते होऊन गेले असले तरी. समजा, बोट पहिल्या मालकाने दुसऱ्याला विकली, त्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याकडून तुम्ही घेतली. पण नोंद पहिल्याच्याच नावे राहिली. अशा वेळी नोंदीतल्या मालकानेच थेट तुमच्या नावे विक्रीपत्र करून द्यावे आणि मधल्या सगळ्यांनी त्यावर ‘संमती देणार’ म्हणून सह्या कराव्यात. मधल्या व्यवहारांच्या साध्या कागदावरच्या पावत्या, बँकेच्या नोंदी, इसाराच्या चिठ्ठ्या फेकू नका. साखळी जोडायला त्याच उपयोगी पडतात.

पहिला मालक कधी कधी अडून बसतो. ‘मला आता यात पाडू नका’ म्हणतो किंवा सहीचे पैसे मागतो. बोट आपल्या नावावर राहिल्याने त्याच्यावरच येणारी जबाबदारी त्याला शांतपणे समजावून सांगा. सोसायटीचे चेअरमन किंवा गावातील जाणती माणसे मधे असली, तर बरेच प्रश्न कोर्टाबाहेर सुटतात.

हस्तांतराच्या अर्जासोबत साधारणपणे मूळ नोंदणी प्रमाणपत्र, विक्रीपत्र, दोघांची ओळखपत्रे, बोटीचे फोटो, इंजिनाची कागदपत्रे, कर्ज नसल्याचा दाखला आणि मच्छिमार संस्थेचे पत्र लागते. मूळ प्रमाणपत्र हरवले असेल, तर नोंदीतील मालकाने पोलिसांत तक्रार नोंदवून आणि प्रतिज्ञापत्र देऊन आधी दुसरी प्रत काढावी.

नोंदीतील मालक मरण पावला असेल तर?

मग सही सगळ्या वारसांची. इथे दोन चुका नेहमी होतात.

पहिली म्हणजे फक्त मोठ्या मुलाची सही घेणे. हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा, मुलगे आणि मुली हे सगळे पहिल्या वर्गातील वारस आहेत. मृत मालकाची आई हयात असेल तर तीही. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीचा हक्क त्यामुळे जात नाही. वसईच्या ख्रिस्ती किंवा रत्नागिरीच्या मुस्लिम कुटुंबात त्यांचा त्यांचा वारसा कायदा लागू होईल. पण सगळ्यांना सोबत घेण्याची गरज तिथेही तेवढीच.

दुसरी चूक म्हणजे चुकीचा दाखला काढणे. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीसाठी असते. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ खालचे उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांच्यासाठी असते. वारस कोण हे न्यायालयाकडून ठरवून घ्यायचे असेल, तर महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ नुसार वारस दाखला मिळतो. वाद नसेल तर कार्यालय वारसांची प्रतिज्ञापत्रे आणि संमतीपत्रे मान्य करते का, हे आधी लेखी विचारा. उगाच कोर्टाची पायरी चढू नका आणि गरज असेल तर टाळूही नका.

बोटीवर कर्ज असेल तर?

अनेक यांत्रिक बोटी राष्ट्रीय सहकार विकास निगमच्या अर्थसाह्यातून, मच्छिमार सहकारी संस्थांमार्फत बांधल्या गेल्या. बँकांनीही कर्जे दिली. अशी बोट कर्जाला तारण असते. मालकाने ती परस्पर विकली, तरी बोजा बोटीसोबत येतो. वसुलीचे अधिकारी आले, की ‘मी तर रोख पैसे मोजले’ हे उत्तर चालत नाही.

थकबाकी किती आहे हे संस्थेकडून किंवा बँकेकडून लेखी घ्या. विक्रेत्याला द्यायची रक्कम शिल्लक असेल, तर त्यातून थेट कर्जखात्यात भरणा करून बेबाकी दाखला घेणे, हा सुरक्षित मार्ग. पूर्ण रक्कम आधीच दिली असेल, तर विक्रेत्याकडून वसुलीसाठी वकिलामार्फत नोटीस द्यावी लागेल.

बोट गुजरात, गोवा किंवा कर्नाटकातून आणली असेल तर?

आधीच्या बंदरातील नोंद तशीच ठेवून इथे नवा नंबर काढण्याचा विचार करू नका. एका बोटीला दोन नंबर असू शकत नाहीत. तिथल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्या आणि तिथली नोंद वर्ग किंवा रद्द झाल्याचा कागद मागा. लिलावात घेतलेल्या बोटीचा मुख्य कागद म्हणजे लिलाव करणाऱ्याने दिलेला विक्री दाखला. बोटीचा नंबर आणि इंजिन क्रमांक त्यावर लिहून घ्या.

मालक सापडतच नाही किंवा बोटीला नंबरच नाही, मग?

छोटी फायबर होडी कधीच नोंदली गेली नसेल, तर बांधणाऱ्याचा दाखला, इंजिनाचे बिल आणि विक्रेत्याचे प्रतिज्ञापत्र घेऊन नव्याने नोंदणीचा अर्ज करता येतो. पण नंबर खरवडून काढल्यासारखा दिसत असेल, तर त्यावर रंग मारू नका. आधी पोलिस ठाण्यात जा. चोरीची वस्तू आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना घेणे आणि जवळ ठेवणे, हा गुन्हा आहे.

मालक किंवा वारस सापडत नसतील, तर क्रम असा ठेवा. शेवटच्या ज्ञात पत्त्यावर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. त्या भागात वाचल्या जाणाऱ्या वृत्तपत्रात जाहीर सूचना द्या. हरकतीसाठी साधारणपणे १४-१५ दिवसांची मुदत ठेवतात. हरकत आली नाही, तर प्रतिज्ञापत्र आणि नुकसानभरपाईचे हमीपत्र जोडून अर्ज करा. जाहीर सूचनेने मालकी मिळत नाही, फक्त तुम्ही उघडपणे शोध घेतला हे दिसते. म्हणून अधिकारी एवढ्यावर नकार देऊ शकतो. तेव्हा शेवटचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ नुसार मालकीची घोषणा मागता येते. त्यात वेळ जातो, खर्च होतो. बोटीच्या किमतीच्या मानाने तो परवडतो का, हे वकिलाशी बोलून ठरवा.

‘नोटरी केली आहे’ म्हणजे सगळे झाले का?

नाही. नोटरी सही कुणी केली हे पाहतो, बोट कुणाची हे तपासत नाही. मुद्रांक शुल्क कमी भरलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून दाखवताना अडतो. शुल्क आणि दंड भरावा लागतो. मुखत्यारपत्रावर बोट घेऊन वर्षानुवर्षे चालवणारेही आहेत. पण मुखत्यारपत्र देणारा वारला, की ते सामान्यतः संपते. काही अपवाद असतात. त्यांच्या भरवशावर लाखोंची बोट ठेवू नये.

बोट मासेमारीची नसून पर्यटनाची असेल तर?

मग कार्यालय वेगळे. मालवण, तारकर्लीसारख्या ठिकाणच्या प्रवासी आणि पर्यटन बोटींसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावे लागते. खाडी-नदीतील यांत्रिक बोटींना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. त्यात नोंदणी प्रमाणपत्राबरोबर बोटीच्या तपासणीचे, म्हणजे सर्व्हेचे प्रमाणपत्रही लागते. जुनी मासेमारी बोट घेऊन तिच्यावर बाके टाकली म्हणजे ती प्रवासी बोट होत नाही.

अजून बोट घेतली नसेल, तर एवढे करा

• इसार देण्याआधी नंबरवरून नोंदीतील नाव तपासा. विक्रेता आणि ते नाव एकच आहे ना, हे पाहा.

• नोंदणी प्रमाणपत्र मूळ पाहा. मोबाइलवरच्या फोटोवर विश्वास ठेवू नका.

• संस्था आणि बँक, दोन्हींकडून कर्ज नसल्याचा दाखला घ्या.

• पैसे बँकेतून द्या. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही.

• किमतीचा एक भाग बोट नावावर झाल्यावरच देण्याची अट विक्रीपत्रात लिहा. विक्रेत्याला पुन्हा कार्यालयात आणायला यासारखा उपाय नाही.

• हस्तांतराचा अर्ज बंदीच्या काळातच दाखल करा. अर्ज रखडला तर माहितीचा अधिकार वापरून त्याची स्थिती विचारा. ती सेवा अधिसूचित असेल, तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपीलही करता येते.

ओळखीतल्या माणसाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे किनाऱ्यावर अजूनही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. आज दोघे हयात आहेत, बोलते आहेत, तोवर एका सहीत होणारे काम उद्या दोघांच्या मुलांना कोर्टात न्यावे लागते. बोट शाकारलेली आहे तोवर हातात वेळ आहे. आधी नंबर उतरवून घ्या आणि नोंदीत कुणाचे नाव आहे ते विचारून या.